अमेरिकेच्या दारावरची ‘संपले’ची पाटी

19 डिसेंबर 1973 च्या रात्री जॉनी कार्सननं अमेरिकेतला टॉयलेट पेपर संपवला. खरं तर माल भरपूर होता, गिरण्याही नीट चालू होत्या. झालं होतं ते इतकंच, की विस्कॉन्सिनचे हॅरॉल्ड फ्रॉलिक नावाचे काँग्रेस सदस्य चिंतेत पडले होते. सरकारी कचेऱ्यांना लागणाऱ्या कागदाच्या निविदा पुरेशा आल्या नाहीत, तेव्हा उद्या टंचाई होऊ शकते, असं पत्रक त्यांनी काढलं. कार्सनच्या लेखकांना विनोदाला विषय मिळाला. त्याचा टीव्हीवरचा ‘टुनाइट शो’ बघून मगच दिवा मालवणारी घरं त्या देशात लाखोंनी होती. दुसऱ्या दिवशी माणसं उठली ती थेट दुकानात गेली आणि गाड्या भरभरून गुंडाळ्या घरी घेऊन आली. ज्यांनी कार्यक्रम पाहिलाच नव्हता, ते रिकाम्या फळ्या पाहून घाबरले आणि उरलंसुरलं त्यांनी उचललं. जानेवारीत कार्सनला पडद्यावर येऊन सांगावं लागलं, की बाबांनो, टंचाई नव्हतीच.

तांब्या आणि नळ यांच्या भरवशावर जगणाऱ्या आपल्याला हसू येईल. पण त्याच्या आदल्याच वर्षी दुष्काळात रेशनवरचा अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्लेल्या महाराष्ट्राला या गोष्टीतली खरी गंमत कळावी. टंचाई काय असते हे आपल्याला शिकवावं लागत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या अमेरिकन पिढीला मात्र ‘माल संपला’ हे वाक्य ठाऊकच नव्हतं. 1973 ते 1976 ही वर्षं त्या देशानं ‘नाही’ ऐकण्याची वर्षं आहेत. तेल नाही, नोकरी नाही, व्हिएतनाममध्ये विजय नाही, न्यूयॉर्कच्या तिजोरीत पैसा नाही. हे ऐकून अमेरिका रडली थोडी. त्याहून जास्त हसली, आणि हसता हसता बरंच काही विकून मोकळी झाली.

तेलापासून सुरुवात करू. अरब-इस्रायल युद्धात अमेरिकेनं इस्रायलला शस्त्रं पुरवली म्हणून ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तिचं तेल बंद केलं. ते मार्च 1974 पर्यंत बंद राहिलं. गॅलनला चाळीस सेंटच्या आत मिळणारं पेट्रोल पन्नासच्या पुढे गेलं. आज हा भाव वाचून कुणी म्हणेल, यात काय एवढं? पण प्रश्न भावाचा नव्हता, मिळण्याचा होता. ऑरेगन राज्यानं नंबरप्लेटचा शेवटचा आकडा सम की विषम हे पाहून दिवस वाटून दिले. मग इतर राज्यांनीही तेच केलं. पंपावर झेंडे लागले. हिरवा म्हणजे या, सगळ्यांना मिळेल. पिवळा म्हणजे रुग्णवाहिका वगैरे निकडीच्या गाड्यांनाच. लाल म्हणजे संपलं. पहाटे पाचला बोटीएवढ्या लांबरुंद गाड्या रांगेत लागत, आणि या गाड्यांचं इंजिन रांगेत उभं असतानाही पेट्रोल पीतच असे.

जानेवारी 1974 पासून महामार्गावर ताशी 55 मैलांची मर्यादा आली. त्याच महिन्यात घड्याळं भर हिवाळ्यात तासभर पुढे करण्यात आली, विजेची बचत व्हावी म्हणून. परिणाम असा झाला, की शाळकरी पोरं काळोखात टॉर्च घेऊन बसची वाट बघू लागली. काही ठिकाणी मुलांना अपघात झाले, पालक खवळले, आणि पुढचा हिवाळा यायच्या आत सरकारनं घड्याळं जागेवर आणली.

या तेलटंचाईतूनच एक खूळ जन्मलं. लांब पल्ल्याचे ट्रकवाले डिझेल कुठल्या पंपावर आहे आणि वेग मोजणारा पोलीस कुठे दबा धरून बसलाय, हे एकमेकांना सीबी रेडिओवर सांगत. पोलिसाला त्यांच्या बोलीत ‘स्मोकी’ म्हणायचे, कारण त्याची टोपी वनखात्याच्या जाहिरातीतल्या स्मोकी नावाच्या अस्वलासारखी. वर्षा-दोन वर्षांत हे यंत्र साध्या कुटुंबांच्या गाड्यांत आलं. बँकेतला कारकून संध्याकाळी घरी जाताना टोपणनाव घेऊन अनोळखी माणसांशी ट्रकवाल्याच्या हेलात गप्पा मारू लागला. जानेवारी 1976 मध्ये सी. डब्ल्यू. मॅकॉलचं ‘कॉन्व्हॉय’ हे ट्रकवाल्यांचं गाणं देशात पहिल्या क्रमांकावर होतं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचंही टोपणनाव होतं: ‘फर्स्ट मामा’.

बेटी फोर्ड व्हाइट हाउसमध्ये आल्या त्या एका राजीनाम्यामुळे. वॉटरगेटची कथा मराठी वाचकाला पुरती ठाऊक आहे, ती इथे उगाळत नाही. 9 ऑगस्ट 1974 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन पायउतार झाले आणि जेराल्ड फोर्ड आले, जे ना उपाध्यक्षपदासाठी निवडून आले होते ना अध्यक्षपदासाठी. व्हाइट हाउस रिकामं होईपर्यंत ते दहा दिवस व्हर्जिनियातल्या आपल्या साध्या घरीच राहिले, तिथून रोज कामावर जात. आपला नाश्ता आपणच भाजून घेणारा राष्ट्राध्यक्ष पाहून देश सुखावला. हे सुख महिनाभर टिकलं. 8 सप्टेंबरच्या रविवारी सकाळी फोर्डनी निक्सनना सरसकट माफी दिली, आणि ‘साधा माणूस’ एका दिवसात ‘आतून सामील असलेला माणूस’ झाला.

त्यात महागाई. 1974 साली भाव अकरा टक्क्यांनी चढले. फोर्ड ऑक्टोबरमध्ये कोटाला एक लाल-पांढरा बिल्ला लावून संसदेपुढे आले. त्यावर तीन अक्षरं होती, डब्ल्यू, आय, एन. अर्थ: महागाईला आत्ता झोडपा. झोडपायचं कसं, तर परसात भाजी लावा, ताटात टाकू नका, हीटर कमी ठेवा. आपल्याकडे सोमवारचं एक जेवण सोडायला सांगणारे शास्त्रीजी होऊन गेले होते आणि लोकांनी ते सोडलंही होतं. तिकडे लोकांनी बिल्ला उलटा लावला. उलट्या अक्षरांचा नवा अर्थही लगेच निघाला: तातडीचे चमत्कार होणार नाहीत. मे 1975 मध्ये बेकारी नऊ टक्क्यांवर गेली. डेट्रॉइटचे कारखाने कामगार घरी बसवत होते, आणि छोट्या जपानी गाड्या अमेरिकन अंगणात उभ्या राहू लागल्या होत्या.

एप्रिल 1975 च्या अखेरीस सायगाव पडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅलिफोर्नियात सतरा दिवसांच्या अंतरानं दोन बायकांनी फोर्ड यांच्यावर पिस्तूल रोखलं. या दोन घटनांच्या मधल्या काळात, वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या घराण्यातली, आधी पळवली गेलेली आणि मग पळवणाऱ्यांबरोबरच बँकेच्या दरोड्यात दिसलेली पॅटी हर्स्ट पकडली गेली. तेव्हाची वर्तमानपत्रं चाळताना वाटतं, कादंबरीकारांनी त्या महिन्यात सुट्टी घ्यायला हरकत नव्हती.

हे सगळं लोक बघत होते ते तीन वाहिन्यांवर. सीबीएस, एनबीसी, एबीसी. पर्याय नसल्यामुळे सकाळी कचेरीत सगळ्यांकडे बोलायला एकच विषय असे. पाच वर्षं अव्वल राहिलेल्या ‘ऑल इन द फॅमिली’चा नायक आर्ची बंकर हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला गोरा कामगार. काळे, ज्यू, पोर्टोरिकन, स्त्रीमुक्तीवाल्या बाया, सगळ्यांना आपल्या खुर्चीत बसून शिव्या घालणारा. मालिकेचा निर्माता नॉर्मन लिअरनं त्याला हास्यास्पद म्हणून लिहिलं होतं. पण अर्धा देश त्याला हसत होता आणि उरलेला अर्धा ‘बरोबर बोलतोय’ म्हणत होता. माझ्या मते मालिकेचं यश या दुहेरीपणात आहे. दोन्ही अर्धे एकाच वेळी एकाच सोफ्यावर बसून पाहू शकत होते. आर्चीची ती झिजलेली खुर्ची 1978 साली स्मिथसोनियन संग्रहालयानं मागून घेतली. तिकडे ‘मॅश’ या युद्धावरच्या विनोदी मालिकेनं मार्च 1975 मध्ये सगळ्यांचा लाडका कर्नल घरी परतताना विमानासकट मारला. विनोदी मालिकेत असं करायचं नसतं, अशी रागाची पत्रं आली. करणाऱ्यांचं म्हणणं, युद्धात असंच होतं.

11 ऑक्टोबर 1975 ला एनबीसीवर शनिवारी रात्री उशिरा एक थेट प्रहसनांचा कार्यक्रम सुरू झाला, पुढे ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ म्हणून गाजलेला. त्याआधी जूनमध्ये साल्झबर्गला विमानाच्या जिन्यावरून फोर्ड घसरले होते. चेव्ही चेस या नटानं चेहरा, आवाज काहीही न बदलता केवळ धडपडून फोर्ड उभे केले. फोर्ड हे खरं तर विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे खेळाडू, राष्ट्राध्यक्षांतले बहुधा सर्वांत तगडे. पण लोकांच्या मनात राहिला तो पडणारा माणूस. कमाल म्हणजे एप्रिल 1976 मध्ये त्यांच्याच माध्यम सचिवानं त्या कार्यक्रमाचं यजमानपद केलं आणि फोर्डनीही त्यासाठी काही वाक्यं चित्रित करून दिली. जून 1975 मध्ये आपल्याकडे काय झालं ते आठवून हे वाचावं. न्यूयॉर्क, शिकागोत नोकरी करणाऱ्या मराठी डॉक्टर-इंजिनीअरांनी एका वर्षाच्या आत एका लोकशाहीत न्यायालयापुढे राष्ट्राध्यक्ष नमलेला पाहिला आणि दुसऱ्या, आपल्या लोकशाहीत न्यायालयाच्या निकालानंतर आणीबाणी लागलेली परक्या वर्तमानपत्रात वाचली.

विक्रीचं म्हणाल तर दोनच नमुने पुरेत. पहिला ‘जॉज’ हा चित्रपट. स्पीलबर्गचा यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वारंवार बंद पडे, म्हणून त्यानं तो फारसा दाखवलाच नाही, आणि न दिसणाऱ्या माशानं देश घाबरवला. 20 जून 1975 ला, टीव्हीवर जाहिरातींचा मारा करून, चित्रपट चारशेच्या वर पडद्यांवर एकदम लावला गेला. उन्हाळी सुट्टीत मोठा चित्रपट लावायची चाल तिथून पडली.

दुसरा नमुना मात्र हातात घेऊन बघण्यासारखा आहे. 1975 च्या नाताळात कॅलिफोर्नियातल्या गॅरी डाल या जाहिरातवाल्यानं दगड विकला. समुद्रकाठचा गुळगुळीत, करडा, मुठीत मावणारा. पाळीव प्राणी नेतात तसली पुठ्ठ्याची पेटी, तिला श्वासासाठी भोकं, आत गवताची गादी, गादीवर दगड. सोबत माहितीपुस्तिका: याला ‘बस’ म्हटलं की बसतो, ‘ये’ मात्र सहसा ऐकत नाही. किंमत 3 डॉलर 95 सेंट. दहा लाखांच्या वर खपले. लोक मूर्ख होते म्हणून नव्हे. ती पुस्तिका चार डॉलरच्या मोलाची होती, आणि खायला न मागणारा, किंमत न वाढणारा, खोटं न बोलणारा सोबती त्या वर्षी दुसरा कोणता होता?

पण हसून निभावणार नाही असंही बरंच होतं. न्यूयॉर्क 1975 मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभं होतं. कामावरून काढलं जाणार म्हणून चिडलेल्या पोलिसांच्या संघटनांनी प्रवाशांसाठी पत्रकं छापली. मुखपृष्ठावर कवटी, आत सल्ला, की संध्याकाळी सहानंतर बाहेर पडू नका, भुयारी रेल्वेत बसू नका. जुलैत सफाई कामगार संपावर गेले आणि फुटपाथवर कचरा सडला. 29 ऑक्टोबरला फोर्ड म्हणाले, शहराला वाचवायला केंद्राचा पैसा मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी ‘डेली न्यूज’नं पानभर अक्षरांत छापलं, की फोर्ड शहराला मर म्हणतात. हे शब्द फोर्ड बोललेच नव्हते, पण पुढे निवडणुकीत ते त्यांच्या मानगुटीवर बसले. डिसेंबरात कर्ज मंजूर झालंच. मोबदल्यात शहरानं जे गमावलं त्यात मला सर्वांत जास्त चटका लावते ती सिटी युनिव्हर्सिटी. 1847 पासून फी न घेता शिकवणाऱ्या या संस्थेनं 1976 मध्ये फी लावली. गरीब स्थलांतरितांच्या पोरांना तीन-चार पिढ्या वर आणणारी शिडी बंद झाली नाही, तिला तिकीट लागलं.

बॉस्टनमध्ये सप्टेंबर 1974 पासून न्यायालयाच्या आदेशानं गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतली मुलं बसनं एकमेकांच्या शाळांत पाठवली जाऊ लागली. साउथ बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड पडले. हे गुलामीच्या दक्षिणेत नव्हे, स्वातंत्र्ययुद्धाचं माहेर म्हणवणाऱ्या शहरात.

बायकांच्या वाट्याला मात्र या वर्षांत ‘हो’ आलं. ऑक्टोबर 1974 च्या कायद्यानं कर्ज आणि क्रेडिट कार्ड देताना बाई म्हणून नकार देणं बेकायदा ठरलं. तोवर कमावत्या बाईलाही नवऱ्याची सही आणायला सांगत. त्याच्या महिनाभर आधी बेटी फोर्ड यांचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. जो शब्द घरात कुजबुजून बोलायचा, तो संध्याकाळच्या बातम्यांत आला आणि देशभर बायका तपासणीसाठी रांगेनं गेल्या. त्या दशकातलं हे एक मोठं सार्वजनिक काम आहे असं मी मानतो, आणि त्यासाठी कुठलाही बिल्ला लागला नव्हता.

4 जुलै 1976 ला दोनशेवा वाढदिवस आला. रस्त्याकडेचे आगीचे नळसुद्धा लाल-पांढरे-निळे रंगवले होते. कंगाल न्यूयॉर्कच्या बंदरात जगभरची शिडाची जहाजं आली, लाखो लोक काठावर जमले, आणि कवटीच्या पत्रकांच्या त्या शहरात दिवस शांततेत पार पडला. त्याच महिन्यात ‘व्हायकिंग 1’ मंगळावर उतरलं. वर्षाअखेर सरकारनं स्वाइन फ्लूच्या भीतीनं चार कोटी लोकांना लस टोचली. साथ आलीच नाही, काहींना लसीनंतर पक्षाघातासारखा आजार झाला आणि डिसेंबरात मोहीम गुंडाळली.

नोव्हेंबरात फोर्ड थोडक्यात हरले. जिंकलेले जिमी कार्टर जॉर्जियाचे भुईमूग शेतकरी, मी खोटं बोलणार नाही एवढंच सांगून आलेले. फेब्रुवारी 1977 मध्ये, गॅसच्या तुटवड्यानं शाळा-कारखाने बंद पडत असताना, ते लोकरी स्वेटर घालून शेकोटीशेजारी बसून टीव्हीवर बोलले: घरातला हीटर दिवसा 65 अंश फॅरनहाइटवर ठेवा, रात्री 55 वर. स्वेटरचं कौतुक झालं. 1980 च्या निवडणुकीत त्यांना पन्नासपैकी सहा राज्यं मिळाली.