जरंडेश्वरची चढण आणि चौदा दिवसांची खाट

कोरेगावात माझा शनिवार जरंडेश्वराच्या चढणीने सुरू होत असे. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांची इंजेक्शने सुरू झाली आणि डोंगर बंद झाला. पुढे भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर थोरल्या जाऊबाईंनी मला चौदा दिवस खाटेवरून हलू दिले नाही. तरीही चाचणी नकारात्मक आली, तेव्हा घरातला पहिला प्रश्न होता, "त्या दिवशी दवाखान्याचा जिना कशाला चढलीस?" माझ्याकडे उत्तर नव्हते. कित्येक महिने मी स्वतःलाच दोषी धरले. नंतर त्या प्रश्नाचाच अभ्यास केला.

पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये १९७८ साली जन्मली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुलगी जन्मली. त्या सुरुवातीच्या काळात भ्रूण सोडल्यावर बाईला बराच वेळ झोपवून ठेवण्याची रीत होती. भ्रूण निसटेल ही त्यामागची भीती. पण गर्भाशय म्हणजे रिकामी पिशवी नव्हे. त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि भ्रूण खसखशीच्या दाण्याहूनही बारीक असते. ओल्या लुगड्याच्या घडीत अडकलेला कण चालण्याने गळून पडत नाही, तसेच हे.

स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील २०१३ सालच्या अभ्यासात दात्या स्त्रीची बीजे वापरणाऱ्या २४० स्त्रियांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला भ्रूण सोडल्यावर दहा मिनिटे झोपवले, दुसऱ्याला लगेच उठवले. उठलेल्यांत सुमारे ५७ टक्के, तर झोपलेल्यांत सुमारे ४२ टक्के स्त्रियांना मूल झाले. एका अभ्यासावरून उठण्याचे गुणगान करू नये; पण झोपून राहण्याला आधार मिळत नाही, एवढे नक्की. अमेरिकेतील प्रजनन-वैद्यकाच्या संस्थेनेही २०१७ मध्ये अशी सक्तीची विश्रांती नको असेच सांगितले.

मग डोंगर बंद का? कारण वेगळे आहे आणि ते अंडाशयाशी निगडित आहे. इंजेक्शनांमुळे एकाऐवजी अनेक बीजे वाढतात. बीजाची एकेक पुटिका दोन सेंटिमीटरच्या आसपास होते आणि अंडाशय कित्येक पटींनी फुगते. देठाला जड फळ लटकावे तसे ते लटकते. उड्या, धावणे, जोरदार पीळ यांनी क्वचित त्या देठालाच पीळ पडतो, रक्तपुरवठा तुटतो आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून इंजेक्शनांच्या दिवसांत आणि बीजे काढल्यानंतर साधारण दोन आठवडे दोरीच्या उड्या, जलद सूर्यनमस्कार, अर्धमत्स्येंद्रासन, सर्वांगासन, कपालभाती, डोक्यावर हंडा किंवा वैरणीचा भारा हे टाळावे. सपाटीवर सावकाश चालणे, साधा प्राणायाम, घरातली हलकी कामे चालतात. गर्भ राहिल्यास अंडाशये आणखी काही आठवडे फुगलेली राहू शकतात. गोठवलेले भ्रूण नंतरच्या महिन्यात सोडले, तर अंडाशये बहुधा पूर्ववत झालेली असतात आणि बंधने कमी होतात. आपण कोणत्या टप्प्यावर आहोत, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

एका बाजूला अचानक तीव्र कळ, उलट्या, झपाट्याने फुगणारे पोट, धाप, लघवी कमी होणे, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

उपचारांआधीचा व्यायाम हा निराळा विषय. बोस्टन परिसरातील २,२३२ स्त्रियांच्या २००६ सालच्या अभ्यासात, काही वर्षे आठवड्याला चार तास किंवा त्याहून अधिक व्यायाम करणाऱ्यांत यश कमी दिसले. हा निरीक्षणाचा अभ्यास. त्यावरून कारण सिद्ध होत नाही. वजन जास्त असेल किंवा पीसीओएस असेल, तर नियमित चालणे हिताचेच.

माझा दुसरा प्रयत्नही फसला. या खेपेला मात्र भ्रूण सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी जाऊबाईंबरोबर स्टेशनपर्यंत सावकाश चालत गेले होते. चाचणीनंतर त्यांनी जिन्याचा विषय काढला नाही. बहुतेक वेळा भ्रूण रुजत नाही ते त्याच्यातल्याच दोषामुळे. बाईच्या पावलांमुळे नव्हे. हे घरातल्या सर्वांनी आधीच ऐकून ठेवले, तर हरलेल्या बाईच्या वाट्याला निदान आरोप तरी येणार नाही.