दवाखान्याची खतावणी आणि जमातीचा पैसा

कापडाच्या धंद्यात साधा रिवाज आहे. ईद-दिवाळीचा माल भरण्याआधी मागच्या सालची खतावणी उघडायची. कोणता ताका उठला, कोणता गाठोड्यातच पडून राहिला, हे पाहायचे आणि मगच भिवंडी-इचलकरंजीला ऑर्डर द्यायची. दवाखान्याच्या बाबतीत मात्र आपण व्यापारी असूनही हा रिवाज विसरतो. ट्रस्टकडे चार पैसे जमले की आधी रुग्णवाहिका, मग इमारत, मग मोठे यंत्र. त्या मोहल्ल्यात माणसे कशाने आजारी पडतात, कोणत्या वयात दगावतात, हे कोणी विचारत नाही. यंत्र येते, उद्घाटन होते, चालवणारा तंत्रज्ञ मिळत नाही आणि पुढच्या रमजानला पुन्हा पावतीपुस्तक निघते.

हिशोब पाहून पैसा लावणे म्हणजे काय, हे शिकायला विलायतेला जायला नको. सोलापूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर बार्शी आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात घेतली गेली. खेड्यांसाठी अशी नोंदणी ही देशातील पहिलीच होय.

शहरात ही नोंद सोपी असते. कारकून दवाखान्यांतून केसपेपर पाहून नावे उतरवतो. खेड्यात तसे चालत नाही. रोगी दवाखान्यात पोहोचतच नाही आणि मेला तर कशाने मेला हे कोठे लिहिले जात नाही. म्हणून बार्शीची माणसे गावोगाव फिरली, गावातील जाणत्या लोकांना भेटली, लक्षणे सांगून संशयित रोगी शोधले आणि त्यांना तपासणीस आणले. यातून एक वेगळाच फायदा झाला. लक्षणे सांगता सांगता लोक शहाणे झाले, आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. १९९५ साली हा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला. वही लिहिण्याचे काम हेच अर्धे औषध ठरले म्हणायचे.

वहीने सांगितले काय? एकूण कर्करोग मुंबईपेक्षा बराच कमी. पण स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर, आणि बायका येतात त्या रोग पसरल्यावर. आता पैसे लावणाऱ्याने येथे थांबून विचार करावा. रोगी उशिरा येत असेल तर आणखी एक वॉर्ड बांधून त्याचा जीव वाचत नाही. पैसा दवाखान्याच्या आत नव्हे, गावात खर्च व्हायला हवा.

तसा तो झाला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा प्रयोग केला. गावांचे ५२ समूह पाडून चार गट केले. एकाला एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याला पॅप चाचणी, तिसऱ्याला व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी आणि चौथा गट नेहमीच्या व्यवस्थेवर. या चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे टीका झाली, आणि ती अगदीच गैर नव्हती. २००९ साली निकाल आला. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ या कर्करोगाने दगावल्या होत्या. एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ पैकी ३४. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकी दोन पद्धतींत मृत्यूंत म्हणावी तशी घट दिसली नाही.

व्हिनेगरची तपासणी सर्वांत स्वस्त. म्हणून ती बाद समजावी काय? नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे स्वस्त तपासणी घ्यायची तर पुन्हा पुन्हा जाण्याची तयारी हवी. माणसे, गाडी, पगार, सारे सालोसाल. एकदाच जाता येणार असेल तर महाग चाचणीच परवडते. हा हिशोब व्यापाऱ्याला चटकन कळावा.

वही उघडल्यावर कधी कधी औषधाऐवजी दुसरेच काही हाती लागते. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा लोकांची पहिली गरज दवाखाना नव्हती. अन्न आणि पाणी होती. तेव्हा प्रकल्पाने विंधनविहिरीही घेतल्या.

अमेरिकेत २०१० च्या कायद्याने धर्मादाय रुग्णालयांवर सक्तीच केली. दर तीन वर्षांनी परिसराच्या आरोग्याची पाहणी करायची, ती जाहीर करायची, त्यावर खर्चाची योजना मंजूर करायची. न केल्यास ५० हजार डॉलर दंड. आपल्याकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आहे. त्यानुसार व मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आणि बिलांचे २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे. तरतूद चांगली आहे. पण ती दारात आलेल्या रोग्यापुरती. जो दारात आलाच नाही, त्याची नोंद या कलमात नाही.

सोलापुरात तो कोण आहे? घरी बसून विड्या वळणारी बाई आहे, तंबाखूची धूळ तिच्या आणि पोरांच्याही नाकात जाते. मागावर उभा राहणारा कामगार आहे, ज्याचे कान आणि छाती दोन्ही खर्ची पडतात. मुंबईच्या जुन्या नोंदींत मुस्लिम स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग इतरांपेक्षा कमी दिसला होता. म्हणून बार्शीची योजना उचलून जशीच्या तशी आपल्या मोहल्ल्यात लावणेही शहाणपणाचे नाही. आपली वही आपणच उघडावी लागेल.

आणि ती अर्धी लिहिलेली आहेच. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरतात. त्यात तंबाखू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातला आजार, सारे येते. ट्रस्टने नागरी आरोग्य केंद्राला विनंती करून वस्तीवार बेरजा मागाव्यात. नावे मागू नयेत. कोणाच्या घरात कोणता आजार आहे हे चौकात येता कामा नये. पर्देवाल्या घरांत उरलेली माहिती घ्यायला बायकाच पाठवाव्या लागतील आणि त्यांना मेहनताना द्यावा लागेल. फुकटात लिहिलेली वही फुकटच्याच लायकीची असते.

पैशाचा प्रश्न उरतो. कंपनी कायद्यातील २ टक्क्यांची सक्ती आपल्यासारख्या पेढ्यांना लागू होत नाही. आपल्या हातात जकात आणि सदका आहे. हनफी उलेमांच्या मते जकातीत गरजूला रकमेचा मालक करावे लागते, म्हणून जकातीतून यंत्र किंवा पगार भागवता येत नाही. गरीब रोग्याचे औषध-ऑपरेशन येते. पाहणीचा आणि तपासणीचा खर्च नफली सदक्यातून, लिल्लाहच्या रकमेतून करावा. ट्रस्टने ही दोन खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत, आणि रुग्णवाहिकेची पावती फाडण्याआधी मुफ्तीसाहेबांना व आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एका बैठकीत बसवावे.