गावची वाइन, गावचं जेवण

आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. राजूरमध्ये व्याख्यान, आणि तेही वाइनवर? दारूनं उठवलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा सुरुवातीलाच सांगतो, वाइन प्या असं सांगायला आम्ही आलेलो नाही. पण काजवे बघायला, भंडारदऱ्याला, कळसूबाईला येणारा पाहुणा आपल्याकडे जेवतो. आपली मुलं नाशिक-पुण्याच्या हॉटेलांत वाढायला जातात. तिथं प्रश्न येतो, 'याच्याबरोबर कोणती वाइन चालेल?' उत्तर देण्यासाठी ती प्यावी लागत नाही, पण चवीचं गणित कळावं लागतं.

आधी स्वस्त वाइन म्हणजे काय ते बघू. युरोपात चार-पाच युरोला रोजच्या जेवणाची बरी बाटली मिळते. ती स्वस्त असते, कारण ती महागड्या ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवलेली नसते, वर्ष-दोन वर्षांत विकली जाते आणि तिच्या गावाचं नाव मोठं नसतं. स्वस्त म्हणजे भेसळीची, असं नव्हे. दुसरं कारण आपल्याला जवळचं आहे, सहकार. दक्षिण फ्रान्समधल्या मारोसां गावात 1901 साली लहान द्राक्षबागाइतदारांनी एकत्र येऊन संस्था काढली. 1907 मध्ये वाइनचे भाव कोसळले आणि भेसळीविरुद्ध तिथले लाखो लोक रस्त्यावर उतरले. पुढे त्या भागात अशा संस्था गावोगाव झाल्या. रतनगडावरून निघणाऱ्या आपल्या प्रवरेच्या खालच्या अंगाला, प्रवरानगरला, उसाचं जे झालं तेच तिकडे द्राक्षांचं झालं म्हणा ना.

आता जेवण. या वाइन गावच्या ताटाबरोबर वाढल्या, म्हणून त्यांची जोडी जुळते. त्यामागे तीन-चार साध्या गोष्टी आहेत.

पहिली, आंबटपणा. तळलेल्या माशावर आपण लिंबू का पिळतो? तेलकटपणा कापायला. फ्रान्समध्ये नांत शहराजवळची मस्कादे ही पांढरी वाइन हेच काम करते. तिथले लोक ती समुद्रातल्या कालवांबरोबर घेतात. उत्तर पोर्तुगालची विन्यो वेर्दे हलकी, किंचित बुडबुड्यांची. ती भाजलेल्या मासळीबरोबर जाते. म्हणजे भंडारदऱ्याच्या पाण्यातला तळलेला मासा असेल, तर आंबटसर पांढरी वाइन. आणि पदार्थच आंबट असेल, तर वाइन निदान तेवढी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. टोमॅटोच्या रश्शाबरोबर इटलीची कियांती जमते ती यामुळेच.

दुसरी, तुरटपणा. हिरडा चघळून बघितलाय ना? जीभ आवळते. हे टॅनिनचं काम. लाल वाइनमध्ये ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. लाळेतल्या प्रथिनांना ते धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. समोर मटण असेल तर मटणातली प्रथिनं आणि चरबी त्याला गुंतवतात आणि वाइन मऊ लागते. म्हणून फ्रान्सची कोत द्यु रोन मटणाबरोबर घेतात.

तिसरी गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, तिखट. आपलं खेकड्याचं कालवण, ठेचा, गावरान कोंबडीचा रस्सा यांच्याबरोबर तुरट आणि कडक लाल वाइन दिली, की आग आणखी भडकते. अल्कोहोल मिरचीचा दाह वाढवतं. मग काय द्यायचं? ठेचा लागला की आपण गूळ तोंडात टाकतो, तसंच. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली किंचित गोड रिसलिंग थंडगार द्यायची. तिच्यात अल्कोहोल बऱ्याचदा आठ-नऊ टक्केच असतं.

चौथी, गोड. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. राजूरच्या पेढ्यापुढे कोरडी वाइन शिरक्यासारखी लागेल. इटलीची गोड मोस्काटो द'आस्ती फळांबरोबर चांगली, पण पेढ्यापुढे तीही फिकी पडेल. पेढ्याबरोबर पाणीच द्या!

आता खिशाचं. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क होतं, वर राज्याचे कर. त्यामुळे तिकडची स्वस्त बाटली इथं येईपर्यंत स्वस्त राहत नाही. पण नियम बाटलीला चिकटलेले नसतात. डोंगरापलीकडे नाशिकला शेनँ ब्लां पिकतं. ते मूळचं फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातलं, त्याची वाइन पांढरी, आणि थोडी गोडसर असेल तर आपल्या रश्शाला चालते. सुलानं नाशिकची वाइन 2000 साली बाजारात आणली आणि 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, तेव्हापासून हा धंदा तिथं वाढला.

शेवटी एक हिशोब, कारण 'वाइन म्हणजे काही दारू नव्हे' असं सर्रास ऐकू येतं. तेरा टक्क्यांच्या 750 मिलिलिटर बाटलीत सुमारे 97 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 180 मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये 77. म्हणजे आख्खी बाटली ही क्वार्टरपेक्षा जास्तच झाली. युरोपातलं जेवणाबरोबरचं पिणं म्हणजे एखादा पेला, तोही सगळ्यांच्या ताटाशेजारी. ताट बाजूला सारलं की उरते ती दारूच.

म्हणून मुलांनो, पाहुण्यानं विचारलं तर माहिती जरूर द्या. परवान्याशिवाय बाटली मात्र विकायची नाही. आणि आधी आपल्या ताटात आंबट किती, तिखट किती, तेल किती, हे सांगा. परदेशी वाइनची नावं पुस्तकात सापडतील, पण आपल्या कालवणाची चव तुमच्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.