गणपतीला गावी, आणि नेटचं काय?

गणपती जवळ आले की वरळीच्या बीडीडी चाळींतल्या कित्येक घरांना कुलपं लागतात आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्या भरतात. मग तक्रार एकच: रेंज फुल्ल, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जात नाही. रेंजच्या दांड्या सिग्नल किती जोरदार आहे तेवढंच सांगतात. त्या टॉवरवर किती माणसं लोंबकळताहेत, ते नाही. एरवीच्या गावाला पुरणारी टॉवरची क्षमता सगळ्या चाकरमान्यांत वाटली गेली, की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते. म्हणून आरतीचा व्हिडिओ आरतीनंतर लगेच पाठवायचा हट्ट नको. पहाटे तो सहज जातो. खोल दरीतल्या वाडीत मात्र डोंगरच लहरी अडवतो. तिथे सडा, म्हणजे वरचं कातळपठार, चढण्याला पर्याय नाही.

नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या, आरक्षित तिकिटाचा स्क्रीनशॉट काढा. वाटेतल्या बोगद्यांत रेंज जाते, आणि कोकण रेल्वेचा एकटा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे! नेटशिवाय यूपीआयने पैसे द्यायला *९९# आहे, पण बँकेत नोंदवलेल्या नंबरावरूनच. सगळ्या सिमवर ते चालेलच असं नाही; निघण्याआधी करून बघा. रोख ठेवाच.