रिमोटची गाडी : खेळ छोटा, हुनर मोठा

खेळण्यांच्या धंद्याकडे आपल्या समाजात अजूनही काहीशा हलक्या नजरेने पाहिले जाते. पोराटोरांचा माल, सणासुदीला खपतो, एवढीच त्याची ओळख. रिमोटवर चालणाऱ्या गाडीविषयी तर समजूत अशी की, चीनहून डबा यावा, दुकानात काचेमागे लागावा आणि महिन्या-दोन महिन्यांत बिघडून भंगारात जावा. परंतु याच नावाचा एक वेगळा व्यवसाय जगात पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यात गाडी सुटे भाग जोडून बनवावी लागते, शर्यतीत मोडते, दुरुस्त होते आणि पुन्हा धावते. तिचा प्रत्येक स्क्रू, दाता आणि चाक स्वतंत्र विकत मिळते. या व्यवसायाला लागणारे बहुतेक हुनर आपल्याच मोहल्ल्यांत आहे. म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ही माहिती ठेवीत आहोत.

लाकडाच्या गिरणीतून सुरुवात

जपानमधील शिझुओका शहरात योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकूड कापण्याची गिरणी सुरू केली. लाकूड हाताशी होतेच. १९४७ पासून त्यातून जहाजे व विमाने यांच्या छोट्या प्रतिकृती बनू लागल्या. १९५३ साली त्यांनी इमारती लाकडाचा व्यापार बंद करून सारे लक्ष प्रतिकृतींवर दिले. पुढे परदेशी प्लास्टिकचा माल आला आणि लाकडी मालाची मागणी घटली. तेव्हा त्यांनीही प्लास्टिक धरले व १९६० साली त्यांची पहिली प्लास्टिक प्रतिकृती बाजारात आली. १९७६ साली याच कंपनीने पोर्शे ९३४ या गाडीची, मूळ आकाराच्या बाराव्या हिश्शाची, रेडिओवर चालणारी प्रतिकृती काढली. तीस वर्षांत माल तीनदा बदलला. पण धंद्याची बैठक, म्हणजे बारकाईने काम करणारा हात, बदलला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील असोसिएटेड इलेक्ट्रिक्स या कंपनीने १९८४ साली आर-सी-१० ही गाडी आणली. अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची ही गाडी मुळातच शर्यतीसाठी घडवलेली होती.

वाइंडिंगवाल्याचे काम

या गाड्यांत वर्षानुवर्षे ५४० आकाराची कार्बन ब्रशची मोटर वापरली जाई. साध्या मोटरच्या आर्मेचरवर प्रत्येक दांडीला २७ वेढे. वेढे कमी करून जाड तार घातली की वेग वाढतो, पण करंट जास्त ओढला जातो, मोटर तापते आणि बॅटरी लवकर उतरते. शर्यतीच्या मोटरीत दहा-बारा वेढे असत. काही कारागीर एक जाड तार न घालता दोन बारीक तारा एकत्र गुंडाळीत. पंख्याच्या व मिक्सरच्या मोटरी भरणाऱ्या आपल्या वाइंडिंगवाल्यांना यात नवीन असे काही वाटणार नाही.

काही शर्यती झाल्या की कम्युटेटर काळा व ओबडधोबड होई. तो हातभर लांबीच्याही आत मावणाऱ्या लेथवर, हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने, केसाएवढा छिलून पुन्हा गोल करीत. ब्रशच्या स्प्रिंगचा ताण, ब्रशमधील चांदी-तांब्याचे प्रमाण, मागच्या झाकणाचा कोन या साऱ्यांनी मोटरची चाल बदले. परदेशात या कामावर लोकांनी स्वतंत्र दुकाने चालवली.

२००० नंतर ब्रश नसलेल्या मोटरी आल्या. कम्युटेटरच राहिला नाही, तेव्हा तो छिलण्याचे कामही गेले. ज्यांना फक्त छिलणे येत होते ते मागे पडले. ज्यांना मोटर का तापते, करंट कुठे वाया जातो हे कळत होते, त्यांनी नव्या मोटरीही हाताळल्या. आपल्याकडे आज पंखे, स्कूटर व रिक्षा यांतही ब्रश नसलेल्या मोटरी येत आहेत. आपल्या वाइंडिंगवाल्यांच्या दारातही हाच प्रश्न उभा आहे, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

हिशेब सोपा, पण चुकता कामा नये

गाडीचा वेग गणिताने आधीच काढता येतो. नव्या मोटरीवर एक आकडा असतो : एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. समजा तो ३५०० आहे आणि बॅटरी ७.४ व्होल्टची आहे. तर मोटर बिनओझ्याची सुमारे २५,९०० फेरे घेईल. दात्यांचे प्रमाण सातास एक ठेवले, तर चाक ३,७०० वेळा फिरेल. चाकाचा व्यास ६३ मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्यात गाडी साधारण १९८ मिलिमीटर पुढे जाते. म्हणजे ताशी सुमारे ४४ किलोमीटर. प्रत्यक्षात ओझे व घर्षण यांमुळे यापेक्षा कमीच मिळते.

मोटरकडचा दाता मोठा केला की कागदावर वेग वाढतो. नवशिका इथेच फसतो. मोटरला ते ओझे झेपले नाही तर ती तापून निकामी होते. म्हणून जाणता माणूस एका वेळी एकच बदल करतो, दोन-तीन मिनिटे गाडी पळवतो, मोटरची उष्णता मोजतो आणि वहीत लिहितो. शॉकअॅब्जॉर्बरमधील तेल किती घट्ट, स्प्रिंग कोणती, चाकांचा कल किती, गाडीचा तळ जमिनीपासून किती मिलिमीटर वर, हे सारे नोंदलेले असते. आपल्याकडचे गॅरेजवाले अलाइनमेंट करतात तेच हे, फक्त मापे अर्ध्या मिलिमीटरची. दुकानदाराच्या खतावणीला जे महत्त्व, तेच इथे या वहीला.

वेगाचे वेड

शर्यतीखेरीज दुसरा प्रकार म्हणजे सरळ रस्त्यावर केवळ वेग गाठणे. अमेरिकेत युटा राज्यातील सेंट जॉर्ज येथे २५ ऑक्टोबर २०१४ रोजी निक केस यांच्या बॅटरीवरील गाडीने ताशी ३२५.१२ किलोमीटर वेग नोंदवला. त्यानंतर तो विक्रमही मागे पडला आहे.

वेग दुप्पट करायचा, तर हवेचा विरोध तोडायला आठपट ताकद लागते. म्हणून वरची बॉडी बुटकी व गुळगुळीत हवी, आणि पुढचे टोक उचलले जाता कामा नये. हवा खाली शिरली की गाडी उडते. ताशी १६० किलोमीटरला ६३ मिलिमीटरचे चाक मिनिटाला साडेतेरा हजारांच्या आसपास फिरते. रबरी टायर इतक्या फेऱ्यांत फुग्यासारखा ताणला जातो. त्यामुळे फोमचे टायर रिमवर चिकटवून लेथवर गोल करतात. बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते व रंग आतून देतात; जो रंग वर दिसायचा तो आधी. काचेच्या पाटीवर मागून अक्षरे काढणाऱ्या पेंटरला हे सांगावे लागत नाही.

खरे माप

आमच्या मते या व्यवसायातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट सेलची आहे. निकेल-कॅडमियमचे सहा सेल जोडून ७.२ व्होल्टची बॅटरी बने. एकाच कारखान्याचे सेलही सारखे नसत, आणि एक कमजोर सेल साऱ्या बॅटरीला खाली ओढी. काही व्यापाऱ्यांनी प्रत्येक सेल यंत्रावर उतरवून, तो किती सेकंद टिकला हे मोजून, चिठ्ठी लावून सारखे सेल एकत्र विकायला सुरुवात केली. माल तोच, पण मोजलेल्या मालाला ग्राहक खुशीने जास्त पैसे देई. चिठ्ठीवरचा आकडा खरा, एवढीच त्या दुकानाची पुंजी. नापतोलात खोट न करण्याची ताकीद ज्या उम्मतला आहे, तिच्या व्यापाऱ्याला याहून सोपा धडा कोणता?

धंद्यात उतरणाऱ्यांसाठी

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट व अब्दुल रहमान स्ट्रीटच्या परिसरात खेळण्यांचा व्यापार करणाऱ्या बांधवांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हाविना माल ठेवला तर जप्ती व खटला होऊ शकतो, आणि गुंतवलेली सारी रक्कम जाते. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले. मोठ्यांसाठीची शर्यतीची गाडी कोणत्या वर्गात बसते, हे माल मागवण्यापूर्वीच कस्टम एजंटकडून लेखी घ्यावे. रिमोटच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींना ठराविक शक्तीच्या आत परवाना लागत नाही. परंतु वायरलेस उपकरण आयात करणाऱ्याला सरकारी मान्यता घ्यावी लागते.

लिथियम-पॉलिमर बॅटरीबाबत हयगय नको. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नये, ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये, फुगलेली बॅटरी वापरू नये, आणि चार्जिंगला लावून दुकान बंद करून जाऊ नये. दाटीच्या बाजारात एका दुकानाची आग एका दुकानाची राहत नाही. रहदारीच्या रस्त्यावर वेगाचे प्रयोगही करू नयेत. दोन-तीन किलोची गाडी या वेगाने कोणाच्या पायावर आदळली तर हाड मोडेल.

आणखी एक. शर्यत आली की पैज येते. स्पर्धकांनी आपसांत पैसे लावून जिंकणे-हरणे हा जुगार होय. त्यापासून दूरच राहावे. बक्षिसासंबंधी शंका असल्यास आलिमांना विचारावे.

भांडवल नसणाऱ्याने आयातीच्या मागे लागूच नये. दुरुस्ती, सोल्डरिंग, लेथवरचे सुटे भाग, टायर, बॉडीची रंगाई ही कामे थोड्या हत्यारांवर सुरू होतात. ज्या पोराला गॅरेजमध्ये बसवले आहे, त्याला पान्याबरोबर मीटर वाचायला आणि वही लिहायलाही शिकवा. उद्या गाडी बदलेल, मोटर बदलेल. पण मोजून काम करणाऱ्याची रोजी, इन्शाअल्लाह, चालूच राहील.