कशावरून? विमानांच्या पुस्तकांना विचारायचा प्रश्न

मुलांनो, डोक्यावरून विमान गेलं की मान आपोआप वर होते की नाही? मोठी माणसंसुद्धा हातातलं काम थांबवून क्षणभर बघतात. विमानांच्या पुस्तकांचंही तसंच आहे. मुखपृष्ठावर विमान असलेलं पुस्तक वाचनालयाच्या कपाटात कधी जागेवर सापडतच नाही!

पण या पुस्तकांची एक गंमत आहे बरं का. एकात लिहिलेलं असतं, पहिलं विमान राइट बंधूंनी उडवलं. दुसऱ्यात असतं, छे, त्याआधी ते मुंबईतच उडालं होतं! तिसऱ्यात असतं, एका वैमानिकानं एकट्यानं ८० विमानं पाडली. मग वर्गातली मुलं विचारतात, "बाई, पुस्तकात छापलंय म्हणजे खरंच असणार ना?" अशा वेळी मी फळ्यावर एकच शब्द लिहिते : 'कशावरून?' आज हाच शब्द घेऊन आपण काही जुनी पुस्तकं उघडू या.

पुस्तकातून पुस्तकात गेलेला आकडा

जर्मनीत ऑटो लिलिएंथाल नावाचे एक अभियंता होते. करकोचे कसे उडतात ते त्यांनी वर्षानुवर्षं न्याहाळलं, पंखांवर प्रयोग केले आणि १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उडण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात नुसतं वर्णन नव्हतं, मोजमापं होती. पुढे ग्लायडरला, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानाला लटकून त्यांनी टेकडीवरून सुमारे २००० झेपा घेतल्या. ९ ऑगस्ट १८९६ रोजी ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी वारले.

अमेरिकेत डेटन या गावी विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे दोघे भाऊ सायकलींचं दुकान चालवत. ३० मे १८९९ रोजी विल्बरनं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिलं. उडण्याविषयी आजवर जे छापलं गेलं आहे ते मला वाचायचं आहे, असा त्याचा आशय होता. संस्थेनं काही पुस्तिका आणि पुस्तकांची यादी पाठवली. म्हणजे बघा, विमानाची सुरुवात वाचनानंच झाली!

दोघांनी पुस्तकांतल्या आकड्यांवरून ग्लायडर बांधला. पण १९०१ मध्ये तो हवेत नेऊन बघतात, तर काय? हिशेबाप्रमाणे पंखांनी जेवढा भार उचलायला हवा होता, त्याहून खूपच कमी उचलला जात होता. चूक कुठे होती? त्यांचं स्वतःचं गणित चुकलं होतं, की पुस्तकच?

कुणी वैतागून नाद सोडला असता. या भावांनी सुमारे सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी केली. एका टोकाला पंखा लावून तिच्यातून वारा सोडला आणि आत पंखांचे छोटे छोटे नमुने ठेवून त्यांच्यावरचा जोर मोजला. असे जवळजवळ २०० नमुने त्यांनी तपासले. तेव्हा लक्षात आलं, की लिलिएंथालची मोजमापं बरीचशी बरोबरच होती. घोटाळा होता तो दुसऱ्याच एका आकड्यात. वारा फळीवर आदळला की तिला किती जोरानं ढकलतो, हे काढण्यासाठी सगळे ०.००५ हा आकडा धरत. अठराव्या शतकातले इंग्रज अभियंते जॉन स्मीटन यांच्या नावानं तो ओळखला जाई. राइट बंधूंच्या मोजणीत तो ०.००३३ च्या आसपास आला. शंभराहून अधिक वर्षं हा आकडा एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत गेला होता!

नव्या मोजमापांवरून बांधलेलं विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूत उडालं. पहिल्या खेपेला १२ सेकंद, १२० फूट. चौथ्या खेपेला ५९ सेकंद, ८५२ फूट. आता विचारा, कशावरून? तिथे पाच साक्षीदार हजर होते, पहिल्या उड्डाणाचं छायाचित्र आहे, वडिलांना केलेली तार आहे आणि ऑर्व्हिलची रोजनिशीही आहे.

मोठ्या संस्थेचीही चूक

आता दुसरी गोष्ट. त्याच स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युअल लँगली यांनीही विमान बांधलं होतं. १९०३ च्या ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये ते दोन्ही वेळा नदीत पडलं. पुढे १९१४ मध्ये त्यात बरेच बदल करून ते थोडं थोडं उडवलं गेलं. संस्था मात्र सांगू लागली, की माणसाला घेऊन उडू शकणारं पहिलं विमान लँगलींचंच. केलेल्या बदलांचा नीट उल्लेखच नाही! ऑर्व्हिल इतके दुखावले, की १९२८ मध्ये त्यांनी आपलं विमान थेट लंडनच्या संग्रहालयात पाठवून दिलं. १९४२ मध्ये संस्थेनं ते बदल छापून आपलं म्हणणं मागं घेतलं. १९४८ मध्ये विमान वॉशिंग्टनला परत आलं. नाव मोठं असलं तरी प्रश्न विचारावाच लागतो, तो असा.

लढाईतल्या वैमानिकाचं पुस्तक

विमान लढाईत फार लवकर शिरलं. १९०९ मध्ये अमेरिकेच्या सैन्यानं राइट बंधूंचं विमान विकत घेतलं. १९११ मध्ये लिबियातल्या युद्धात एका इटालियन वैमानिकानं विमानातून हातानं बॉम्ब टाकले. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर तर विमानांची विमानांशीच झुंज होऊ लागली.

त्या युद्धातला जर्मन वैमानिक मान्फ्रेड फॉन रिख्टहोफेन आपलं विमान लाल रंगवत असे. १९१७ मध्ये, युद्ध चालू असतानाच, त्याचं आत्मचरित्र निघालं. असं पुस्तक कसं वाचायचं? आवडीनं वाचायचं, पण हेही लक्षात ठेवायचं, की ते सैन्याच्या नजरेखालून छापलं गेलं होतं आणि आपल्या लोकांची हिंमत वाढवणं हाही त्याचा हेतू होता. एप्रिल १९१८ मध्ये हा वैमानिक वयाच्या २५व्या वर्षी मारला गेला. तोवर त्याच्या नावावर ८० विमानं लागली होती.

कशावरून? इतिहासकारांनी ब्रिटिशांच्या नोंदी काढल्या. कोणत्या दिवशी कोणतं विमान परत आलं नाही, ते जुळवून पाहिलं. त्यातली बहुतेक विमानं खरोखर सापडली! म्हणजे 'कशावरून?' विचारलं की प्रत्येक गोष्ट खोटीच ठरते असं नाही. कधी कधी खरी गोष्ट आणखी पक्की होते.

आणि चौपाटीवरचं विमान?

शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईचे गृहस्थ. त्यांना प्राचीन विमानविद्येचा मनापासून ध्यास होता. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विमान उडवलं, असं अनेक पुस्तकांत आणि लेखांत वाचायला मिळतं. आपला मराठी माणूस म्हटल्यावर छाती फुगतेच. पण प्रश्न आपल्या माणसालाही तोच विचारायला हवा. त्या उड्डाणाचं छायाचित्र, मोजमाप किंवा यंत्राचा एखादा भाग आजवर पुढे आलेला नाही. या गोष्टीसोबत 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाचं नाव नेहमी घेतलं जातं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी तो तपासला. हा ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी १९७४ मध्ये मांडला. तळपद्यांची धडपड आदरानं आठवावी. पण विमान उडालं असं म्हणायला पुरावा लागतो.

करून बघा

विमानांचं पुस्तक हातात आलं की वहीत तीन प्रश्न लिहा. हे कोणी आणि कधी लिहिलं? लिहिणारा तिथे हजर होता का? नसेल, तर त्याला हे कशावरून कळलं? माझ्या या लेखालाही हेच प्रश्न विचारायला हरकत नाही!

आणखी एक. कागदाची दोन वेगवेगळ्या घडीची विमानं करा. प्रत्येक पाच वेळा उडवा, टेपनं अंतर मोजा आणि मित्राची सही घेऊन लिहून ठेवा. "माझं जास्त लांब जातं" असं म्हणणं वेगळं आणि आकडा दाखवणं वेगळं, ते लगेच कळेल.

पालकांना एक विनंती. घरात मूल 'कशावरून?' म्हणालं, तर ते उलट बोलतंय असं समजू नका. उत्तर ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर त्याच्या शेजारी बसून दोघं मिळून शोधा.