माळशेज उतरताना

माळशेज घाट उतरताना ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ पडलं आणि पोटात गोळा आला. दुसऱ्या गिअरवर गाडी आवरत टोकावड्याला पोचलो. चाकांना जळका वास येत होता. डोंबिवलीला परतेपर्यंत मोठ्या, भोकं पाडलेल्या डिस्क घ्यायच्या हे मी ठरवूनच टाकलं.

कल्याणच्या मेकॅनिकने मात्र आधी ब्रेक ऑइल पाहिलं. ते काळपट झालं होतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअस सोसतं; पाणी मुरलं की १५५ अंशांनाही उकळू शकतं. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खोल जातं.

ब्रेक वेगाची उष्णता करतो. वेग दुप्पट, तर उष्णता चौपट. जाड, आतून हवा खेळणारी डिस्क ती पेलते. भोकांपाशी मात्र तापून भेगा पडू शकतात. मोठी डिस्क रिममध्ये मावायला हवी, कॅलिपरही जुळायला हवा. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. घोडबंदर रोडच्या गर्दीत ते धोक्याचेच.

मी मूळ मापाच्या नव्या डिस्क, जास्त तापमान सोसणारे रस्त्यावरचे पॅड आणि ताजं ऑइल घेतलं. मोकळ्या रस्त्यावर, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक दाबून पॅड बसवले.

शेवटी गाडी रस्त्यावर धरतात ते टायर. ते गुळगुळीत असतील, तर महागडी डिस्कही वाचवणार नाही.